बर्डी, ईगल आणि रहाटगाडगे

एका वाचक बाईंनी विचारले आहे : "गोल्फच्या बातम्यांत बर्डी, ईगल, अल्बाट्रॉस असे शब्द येतात. ही सगळी पाखरंच का? 'अंडर पार' म्हणजे कमी ना, मग कमी असून ते चांगलं कसं? आणि या सगळ्याला मराठीत काय म्हणावं?"

आधी त्या 'पार'चा निकाल लावतो, कारण त्याने माझे डोके उठवले आहे. टीव्हीवर परवाच ऐकले, 'अमकीने नववे होल पार केले.' अहो, होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा टप्पा, ती काय पुराची नदी आहे का, पार करायला? तिने नवव्या होलवर 'पार' नोंदवला, म्हणजे त्या होलसाठी जितके फटके ठरलेले आहेत बरोबर तितक्यांत चेंडू भोकात घातला. आपला पार संस्कृत. पैलतीराचा पार तो, आणि 'पार वाट लागली'तलाही तोच. गोल्फमधला पार लॅटिन. त्याचा अर्थ समान, बरोबरीचा. दोघांचे नाव सारखे, घराणी वेगळी.

गोल्फने हा शब्द शेअरबाजारातून उचलला. रोखा 'ॲट पार' म्हणजे दर्शनी किमतीला. १८७० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेच्या वेळी डोलमन नावाच्या एका गोल्फवर लिहिणाऱ्या गृहस्थाने दोन धंदेवाईक खेळाडूंना विचारले, की इथली १२ होल्स बिनचूक खेळली तर किती फटके लागावेत? ते म्हणाले ४९. डोलमनने त्या ४९ला 'पार' म्हटले. तीन फेऱ्यांचे १४७ झाले, आणि त्या वर्षीचा विजेता धाकटा टॉम मॉरिस १४९ फटक्यांत जिंकला, म्हणजे पारच्या दोन वर. आता बाईंच्या शंकेचे उत्तर : बाजारात भाव पारच्या खाली गेला की वाईट, गोल्फमध्ये फटके पारच्या खाली गेले की उत्तम. 'बिलो पार कामगिरी' हा वाक्प्रचार बाजाराकडून आलेला आहे. तो क्रीडापानावर गोल्फच्याच बातमीत वापरणाऱ्यांनी दोन मिनिटे थांबून विचार करावा. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या त्या शनिवारी आपली गोल्फपटू अदिती अशोक १५ अंडरवर, म्हणजे पारपेक्षा पंधरा फटके कमी घेऊन, चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. तेव्हा आमच्या शेजारचे काका म्हणाले होते, "उणे पंधरा असून चौथी? मग बाकीच्यांनी काय उजेड पाडला?" त्यांना मी दोष देत नाही. दोष निवेदकाचा.

बर्डी. एक फटका कमी. जागा अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधला अटलांटिक सिटी कंट्री क्लब, साल १८९९ की १९०३ यावर वाद. तिथे खेळणाऱ्या एब स्मिथने स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की आपला भाऊ आणि जॉर्ज क्रम्प यांच्याबरोबर खेळताना त्याचा चेंडू भोकापासून काही इंचांवर जाऊन थांबला, आणि तो उद्गारला, हा फटका म्हणजे 'बर्ड' आहे! वर म्हणाला, पारपेक्षा एक कमी करील त्याला दुप्पट पैसे द्यायचे. लोक इथेच फसतात. ते आकाशात उडणारा चेंडू आणि पक्षी अशी चित्रे काढत बसतात. त्या काळच्या अमेरिकन बोलीत 'बर्ड' म्हणजे झकास, अव्वल वस्तू, एवढेच. मराठी माणसाला हे समजवायला नको. शर्यतीचा बैल बघून 'बैल कसला, पाखरू आहे पाखरू!' म्हणणाऱ्याला बैलाला पंख दिसत नसतात.

एकदा पाखरू म्हटल्यावर पुढची शिडी आपोआप लागली. दोन कमी तो ईगल, तोही त्याच मंडळींनी रूढ केला. तीन कमी तो अल्बाट्रॉस, हा ब्रिटिशांकडून. चार कमी तो काँडर, पण तो बहुतेकांनी ऐकलेलाच असतो, पाहिलेला नसतो.

अमेरिकन लोक अल्बाट्रॉसला 'डबल ईगल' म्हणतात. ईगल म्हणजे दोन, मग डबल ईगल म्हणजे तीन कसे? १९३५मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टाला जीन सॅराझेन या खेळाडूने पार पाचचे १५वे होल दोन फटक्यांत संपवले आणि पुढे मास्टर्स ही स्पर्धा जिंकली, तेव्हापासून हे चुकीचे गणित जगभर फिरते आहे. फटका थोर होता, त्याबद्दल वाद नाही. नाव मात्र नापास.

अल्बाट्रॉस हा शब्दच असा आहे की त्याच्यासाठी मी बाकीची उत्तरे भराभर उरकली. या शब्दावर इंग्रजी वाचणारे आपले लोक ठाम असतात : 'अल्बस' म्हणजे लॅटिनमध्ये पांढरा, पक्षी पांढरा, म्हणून अल्बाट्रॉस. चूक. 'अल्ब' हे नंतर चिकटवलेले ठिगळ आहे. मूळ शब्द पोर्तुगीज 'अल्कात्राझ', पेलिकनसारख्या मोठ्या समुद्रपक्ष्यांसाठी वापरला जाणारा. इंग्रज खलाशांनी तो उचलला आणि पांढऱ्या रंगाकडे बघून त्यातल्या 'क'चा 'ब' केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतले एकेकाळचे तुरुंगाचे बेट अल्कात्राझ हेही याच पक्ष्यांचे. १७७५मध्ये आयाला या स्पॅनिश दर्यावर्दीने दिलेल्या नावावरून ते आले. तेव्हा गोल्फपटूचे भाग्य आणि कैद्याचे दुर्भाग्य यांचे नाव एकच.

'अल्कात्राझ' आला कुठून? सुरुवातीचा 'अल्' अरबी, यावर सगळ्यांचे एकमत. पुढे भांडण आहे. आजकालचे बरेच कोशकार म्हणतात, अरबी 'अल्-गत्तास', म्हणजे बुडी मारणारा. समुद्रपक्षी बुडी मारतो, झाले, जुळले! मला हे इतके सोपे जुळणेच खुपते. अरबी 'ग' पोर्तुगीजमध्ये शिरताना सहसा 'ग'च राहतो. 'अल्-गर्ब'चे 'अल्गार्व' झाले, 'अल्कार्व' नाही झाले. मग इथेच 'क' कसा उपटला? आणि 'र'? तो कुठल्या बुडीत सापडला?

जुन्या अभ्यासकांनी दिलेली दुसरी व्युत्पत्ती मला जास्त पटते. अरबी 'अल्-कादूस' म्हणजे रहाटाचे गाडगे. पोर्तुगीजमध्ये त्याचे 'अल्कात्रूझ' झाले. 'क' आहे, 'त' आहे, मधला उपटसुंभ 'र'सुद्धा आहे, आणि अर्थ आजही रहाटाचे गाडगे असाच. अल्कात्रूझ आणि अल्कात्राझ शेजारी ठेवून बघा. पेलिकन चोचीखालच्या झोळीत पाणी भरून घेतो, अगदी रहाटावरच्या गाडग्यासारखे. खलाशाने पक्ष्याला गाडगे म्हटले तर नवल काय? राहिला 'ऊ'चा 'आ'. तो कसा झाला, असे विचारणाऱ्या पंडितांना मी म्हणतो, 'क'च्या जागी 'ब' बसवणाऱ्या खलाशांकडून एका स्वराचा हिशेब मागू नये.

आणि गाडगे अरबांचेही नाही. त्यांनी 'कादूस' ग्रीकांच्या 'कादोस'वरून घेतला, म्हणजे घडा. ग्रीकांनी तो पुन्हा सेमिटिक भाषांकडूनच घेतला असावा, हिब्रूतही 'कद' म्हणजे घडाच. शब्द समुद्राभोवती रहाटगाडग्यासारखाच फिरला आहे. आपला 'रहाट' संस्कृत 'अरघट्ट'वरून आला. त्यातला 'अर' म्हणजे चाकाचा आरा, आणि 'घट्ट' म्हणजे घटच, असे माझे मत आहे. (कोणाचे वेगळे असेल तर असू दे.) रेवदंड्याच्या किल्ल्यात दोनशे वर्षे राहिलेल्या पोर्तुगीजांना अष्टागरातल्या वाड्यांना पाणी देणारे रहाट दिसले असतील, तेव्हा त्यांच्या तोंडी 'अल्कात्रूझ' आला नसेल असे मी तरी मानत नाही.

पोर्तुगीजांमार्फत आलेले अरबी 'अल्' आपल्याकडेही आहे बरे का. जुन्या कचेऱ्यांत टाचणीला आलपीन म्हणत. ती इंग्रजी 'ऑल पिन' नव्हे. ती पोर्तुगीज 'अल्फिनेत', आणि तिच्या मागे अरबी 'अल्-खिलाल'. पुढच्या वेळी कोणी 'ऑल पिन' म्हणाले तर तीच टोचा.

जाता जाता : 'त्याच्या गळ्यात अल्बाट्रॉस पडला' असे अलीकडे मराठी स्तंभांत दिसते. इंग्रजीत एका जुन्या कवितेमुळे तो पक्षी ओझ्याचे प्रतीक झाला. आपल्याकडे लोढणे असताना समुद्रपक्षी कशाला गळ्यात बांधून घ्यायचा? आणि बोगी म्हणजे एक फटका जास्त. रेल्वेच्या बोगीशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजीतला तो बागुलबुवा. ध्वनी जुळतो म्हणून बागुल आणि बोगी यांची सोयरीक लावणारेही मला भेटले आहेत. मी चहा घेतला आणि निघालो.

हो, मराठीत काय म्हणायचे ते राहिलेच. बर्डीला 'चिमणी' आणि ईगलला 'गरुड' कृपा करून करू नका, चिमणी घेऊन कोणी स्पर्धा जिंकत नाही. 'पार'ला मात्र 'सम' म्हणता येईल. समभागातला, तबल्याच्या ठेक्यातला तोच हा सम. अदिती समेला पंधरा उणे खेळली, यात काकाही अडखळणार नाहीत. आणि बर्डी ठेवायचीच असेल तर तिला नीट मराठी करून घ्या. गाडीच्या दोन बोग्या होतात, मग तिने एका फेरीत पाच 'बर्डी' का माराव्यात? पाच बर्ड्या.