पिसाट, पीस आणि समंध

प्रश्न सांगलीच्या खणभागातून आलाय. विचारणाऱ्या बाई भुताटकीची कादंबरी लिहितायत, तीही टवाळखोर. कृष्णाकाठचा जुना वाडा. 2019 च्या महापुरात बेघर झालेली भुतं तिथे येऊन राहतात आणि पंचनाम्यासाठी रांग लावतात. वाड्यातली माणसंही त्यांच्याच मापाची, कुठेच न खपलेली. अशा 'मिसफिट' मंडळींना मराठीत काय म्हणावं, 'पिसाटांचा वाडा' हे नाव चालेल का आणि 'वेडापिसा' तोडून लिहायचा की जोडून, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता पुस्ती जोडलीय : "पिसाट म्हणजे पिसासारखा हलका, वारा नेईल तिकडे जाणारा, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं."

सरांना माझा नमस्कार. पण हे पिसाचं खूळ ऐकून ऐकून कान किटले. एका निरूपणात तर 'विठ्ठलाचे पिसे लागले' याचा अर्थ बुवांनी थेट मोरपिसाशी नेऊन भिडवला आणि समोरच्यांनी माना डोलावल्या. अहो, निदान क्रियापद तरी बघा! पिसं अनेक असती तर ती 'लागली' असती. 'पिसे लागले' म्हणजे एकवचन, वेड लागले.

पीस आलं 'पिच्छ'वरून. च्छचा स होणं ही आपल्याकडची नेहमीची चाल, मच्छचा मासा झाला तसाच. वेडापिसा आणि पिसाट यांतला पिसा मात्र निघाला 'पिशाच'मधून. प्राकृतात शचा स झाला, शेवटचा च झिजून गेला, 'पिसाअ' उरलं, आणि मराठीने दोन स्वर एकात घालून पिसा केला. म्हणजे वेडापिसा हा मुळात भुताने धरलेला माणूस. पुढे भूत निघून गेलं, वेड तेवढं राहिलं. 'पंढरीचे भूत मोठे । आल्या गेल्या झडपी वाटे' असं तुकोबा म्हणतात तेव्हा पिसे लागणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाई, तुमच्या कादंबरीतली भुतं आणि वेडी माणसं भाषेने केव्हाच एका खोलीत राहायला ठेवलीत.

आता माझ्या आवडीचं. कुत्रं पिसाळतं, त्यातला ळ कुठून आला? प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने पिशाचची प्राकृत रूपं दोन दिली आहेत, 'पिसाओ' आणि 'पिसल्लो'. हे दुसरं रूप दिसलं की हौशी मंडळी उडी मारतात : पिसल्ल, पिसाळ, झालं काम! दिसायला देखणं आहे, कबूल. पण जोड ल्लचा मराठीत साधा ल होतो. गल्लचा गाल झाला, गाळ झाला नाही. त्या वाटेने गेलात तर कुत्रं 'पिसालेल', पिसाळणार नाही. माझ्या मते हा पिसा अधिक आळ. केसाळ, रसाळ, दुधाळ यांतला तोच आळ. पिसेपणाने भरलेला तो पिसाळ, आणि त्यावरून पिसाळणे. ज्यांना पिसल्ल सोडवत नाही त्यांनी आधी तो ल्ल ळपर्यंत आणून दाखवावा, मग बोलू.

राहिला 'मिसफिट'. कुणी 'विजोड' सुचवेल. विजोड व्हायला जोडी लागते, बैलांची नाहीतर नवरा-बायकोची. एकटा माणूस विजोड कसा होणार? परिभाषेतला 'कुसमायोजित' तर कादंबरीत शिरला की भुतंच वाडा सोडून पळतील. आपल्याकडे यासाठी नामी बोली आहे : गावावरून ओवाळून टाकलेला. हल्ली ही फक्त शिवी म्हणून वापरतात आणि ओवाळलेलं टाकतात कुठे ते विसरतात. आजाऱ्यावरून भाकरी, दहीभात, लिंबू उतरवायचं, दिवेलागणीला तिकटीवर नेऊन ठेवायचं आणि मागे न बघता घर गाठायचं. तो उतारा भुताच्या वाट्याचा. म्हणजे ओवाळून टाकलेला माणूस रीतसर भुतांच्या नावावर झालेला असतो. तुमच्या वाड्याचा भाडेकरार यातच आला.

आणि भुतंही निवडून घ्या, सरसकट 'भूत' लिहू नका. आपली निम्मी भुतं वरच्या पदावरून खाली आलेली आहेत. जखीण ही एकेकाळची यक्षिणी. कृष्णेच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात त्या साती आसरा, म्हणजे अप्सरा; इंद्रसभेतून निघाल्या त्या थेट आपल्या नदीकाठी. खवीस अरबी 'खबीस'मधून आला, मूळ अर्थ दुष्ट. समंध तर सोन्यासारखा आहे : 'संबंध'चाच तो अपभ्रंश. जीव घरात, ठेव्यात, वाटणीच्या कागदात अडकलेला, म्हणून मेल्यावरही हलत नाही. खाली कुणाशीच संबंध न जुळलेली माणसं आणि वर माडीवर संबंध न सुटलेला समंध! यावर तुम्हाला दोन प्रकरणं लिहिता आली नाहीत तर मीच लिहून पाठवतो.

नाव 'पिसाटांचा वाडा' बिनधास्त ठेवा. 'वेडापिसा' जोडूनच लिहायचा. दोन्ही पदं एकाच अर्थाची, अनेकवचन वेडेपिसे. बाईमाणूस असेल तर वेडीपिशी, 'वेडीपिसी' नको. हा श पाहून पिशाचातला श परत आला म्हणून कुणी हरखून जाऊ नये. पुढे ई आली की मराठी सचा श करतेच, म्हैस आणि म्हशी बघा.