81 वर्षांच्या वडिलांना डोळ्यातील इंजेक्शने द्यावीत का? द्यायची तर स्वस्त की महाग?

वडिलांच्या डोळ्यात वेट एएमडी (उतारवयात पडद्याखाली पाणी किंवा रक्त झिरपून मधली नजर अधू करणारा आजार) निघाला असून या वयात महागडी इंजेक्शने द्यावीत की अव्हॅस्टिन या स्वस्त इंजेक्शनवर भागवावे, असे आपण विचारले आहे. आपल्या प्रश्नात वडिलांचे स्वतःचे म्हणणे कोठेच नाही, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या आईला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसू लागली आणि पोथीतील ओळींची मधली अक्षरे पुसट झाली, तेव्हा ओसीटीमध्ये (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचे चित्र काढणाऱ्या तपासणीत) उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलेले आढळले. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात इंजेक्शन घेण्यास सांगितले होते. परंतु "ऐंशी उलटली, आता कशाला तिच्या डोळ्यात सुया, दिवाळीनंतर पाहू," असे म्हणून थोरल्या बंधूंनी विषय मिटवला. आई तेथेच वाती वळत बसली होती. आधी तिला विचारा, असे मी म्हटले, ते त्यांनी मनावर घेतले नाही. दिवाळी होईपर्यंत पडद्याखाली रक्त उतरले आणि पुढे त्या जागी व्रण धरला, ज्यावर कोणतेही इंजेक्शन चालत नाही. डाव्या डोळ्यात तोच आजार उतरला तेव्हा आईने स्वतःच "मला आजच घेऊन चल" म्हणून सांगितले, आणि त्या डोळ्याने ती आजही पोथी वाचते. त्या वयात काही फरक पडला नसता, असे बंधू अजूनही म्हणतात. फरक किती पडतो, हे आईच्या दोन डोळ्यांनीच दाखवले आहे.

औषधाचे म्हणाल तर अव्हॅस्टिन मूळचे आतड्याच्या कर्करोगावरचे असले आणि त्याला डोळ्यासाठी अधिकृत मान्यता नसली, तरी अमेरिकेतील कॅट चाचणीच्या 2011 च्या निष्कर्षांत नजरेच्या बाबतीत ते लुसेंटिस (रॅनिबिझुमॅब) या महागड्या इंजेक्शनाच्या तोडीचे ठरले. मात्र एका कुपीतून अनेक डोस भरले जात असल्याने ते निर्जंतुक पद्धतीने कोठे भरतात, हे अवश्य विचारा. रॅनिबिझुमॅबचे भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते औषधही, 2015 पासून मिळते. सहसा पहिली तीन इंजेक्शने महिन्याच्या अंतराने देऊन पुढचे अंतर ओसीटी पाहून वाढवतात, त्यामुळे महागडे औषध मध्येच सोडण्यापेक्षा परवडणारे नियमित घेतलेले केव्हाही चांगले.

वडिलांना नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास मात्र आधी फिजिशियनचा सल्ला घ्यावा. दुसऱ्या डोळ्यात या आजाराचा ड्राय, म्हणजे पाणी न झिरपणारा प्रकार असेल, तर त्यावर या इंजेक्शनांचा उपयोग नाही. आणि सर्व नीट समजून घेऊन वडिलांनी नको म्हटले, तर तो निर्णय त्यांचा आहे, आपला किंवा आपल्या भावंडांचा नव्हे.