कऱ्हेच्या खोऱ्याची आकारमिती: क्यूजीआयएसमधले आकडे का जुळत नाहीत?

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कऱ्हा नदीच्या खोऱ्याची आकारमिती, म्हणजे खोऱ्याच्या आकाराची आणि ओढ्यांची मोजमापं, काढताना आकडे का जुळत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, कऱ्हा खोऱ्यातल्या ओढ्यांची संख्या टोपोशीटशी (सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशाशी) जुळत नाही. दोन, खोरं वर्तुळाच्या किती जवळ जातं ते सांगणारं वर्तुळाकारता गुणोत्तर फारच कमी येतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी डेटा. एसआरटीएमची, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेली, उंची फेब्रुवारी २००० मधली, ३० मीटर चौकटीची. हा डेटा एकेका अंशाच्या तुकड्यांत (टाइल) मिळतो; कऱ्हेकाठचं सासवड ७४ रेखांशाला लागूनच असल्यामुळे एका टाइलमध्ये खोरं मावत नाही. टाइल जोडून घ्या आणि जलविभाजकाच्या (खोऱ्याच्या कडेच्या) बाहेर चार-पाच किलोमीटर जागा ठेवूनच कापा. मग मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर झोनमध्ये आणा. तेव्हा चौकटींची उंची नव्याने काढायची पद्धत ‘निअरेस्ट नेबर’ (जवळच्या चौकटीची उंची उचलणारी) नको, ‘बायलिनिअर’ (शेजारच्या चौकटींची सरासरी घेणारी) निवडा. नाहीतर उताराच्या नकाशावर पट्टे उमटतात.

ओढे किती दिसणार हे तुम्ही दिलेल्या उंबरठ्यावर, म्हणजे किती चौकटींचं पाणी एकत्र आलं की ओढा धरायचा यावर, ठरतं. एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे १०० चौकटी धरल्या तर ९ हेक्टरला ओढा सुरू होतो, ५०० धरल्या तर ४५ हेक्टरला. जलप्रवाह घनता (दर चौरस किलोमीटरमागे ओढ्यांची लांबी) त्याबरोबर बदलते. पुरंदरच्या डोंगराकडचा एखादा तुकडा घ्या, त्यावर १:५०,००० टोपोशीटच्या निळ्या रेघा ठेवा, आणि ओढ्यांची सुरुवात जिथे जुळेल तो उंबरठा सगळ्या खोऱ्याला लावा. बारामतीकडच्या सपाटीवर तो जुळवायला जाऊ नका. तिथे दोन-तीन मीटरच्या चुकीनेही प्रवाह भलतीकडे वळतो.

आता मोजणी. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. स्ट्रॅलरच्या पद्धतीत उगमाकडचे ओढे पहिल्या श्रेणीचे, असे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, अशी चढती श्रेणी लावतात. सॉफ्टवेअर मात्र दर संगमाला रेघ तोडतं. दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्याला वाटेत पहिल्या श्रेणीचे तीन ओहोळ मिळाले तर स्ट्रॅलरच्या हिशेबाने तो एकच ओढा, पण तक्त्यात त्याच्या चार ओळी दिसतात. एकाच ओढ्याचे सलग तुकडे जोडून मगच मोजा. पडताळा सोपा आहे: द्विभाजन गुणोत्तर (एका श्रेणीचे ओढे भागिले पुढच्या वरच्या श्रेणीचे ओढे) कुठल्याही दोन लागोपाठच्या श्रेणींत २ च्या खाली जाऊच शकत नाही, कारण वरची श्रेणी तयार व्हायला खालचे किमान दोन ओढे लागतात. १.६ वगैरे आलं असेल तर तुम्ही तुकडे मोजले आहेत.

वर्तुळाकारता म्हणजे ४ गुणिले पाय (π) गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग. रास्टरवरून (चौकटींच्या नकाशावरून) काढलेली हद्द पायऱ्यापायऱ्यांची असते. क्षेत्रफळाला त्याने फरक पडत नाही, परिमिती मात्र फुगते. अगदी अचूक वर्तुळ काढून ते असं मोजलं तरी परिमिती सुमारे २७ टक्के जास्त भरते आणि गुणोत्तर १ ऐवजी ०.६२ येतं! हद्दीच्या पायऱ्या काढून टाकणाऱ्या ‘सिम्प्लिफाय’ला साधारण एका चौकटीएवढी, म्हणजे ३० मीटर मर्यादा द्या, आणि ती मर्यादा प्रबंधात लिहा. वेगळ्या डीईएमवरून (उंचीच्या डेटावरून) काढलेल्या दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना टाळा. माझ्या मते खोरं किती लांबट ते सांगणारं, शूम या संशोधकाचं दीर्घता गुणोत्तर जास्त भरवशाचं: १.१२८ गुणिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ, भागिले खोऱ्याची लांबी. त्यात परिमिती येतच नाही. लांबी कुठून कुठपर्यंत धरली ते तेवढं स्पष्ट सांगा.

निर्गमबिंदू, म्हणजे खोऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा, कऱ्हा जिला मिळते त्या नीरेच्या संगमाच्या किंचित वर, कऱ्हेच्याच प्रवाहाच्या चौकटीवर ठेवा. एक चौकट बाजूला गेली तर खोऱ्याऐवजी एक चिंचोळी पट्टी हाती येते. खाली सरकली तर नीरेचं पाणलोटही आत येतं.

कऱ्हेवरच्या नाझरे धरणाच्या जलाशयात सरळसोट समांतर रेघा दिसतील. पाण्याचा पृष्ठभाग सपाट, त्यामुळे तिथली प्रवाहदिशा सॉफ्टवेअरने कल्पनेने काढलेली असते. जलाशयाचा बहुभुज लावून त्या रेघा पुसा, मधून एकच मूळ पात्र ठेवा. आणि लांबट खोरं म्हणून पूर सौम्य, असा निष्कर्ष काढायची घाई नको. धरणाखाली पूर किती येणार हे आकारापेक्षा विसर्गावर जास्त ठरतं.