नंदीबैल, सायबरनेटिक्स आणि माझ्या माळ्यावरच्या अकरा काठ्या

तुम्ही विचारलंय, 'सायबरनेटिक्सचा इंटरॅक्टिव्ह आणि जनरेटिव्ह कलेवर काय प्रभाव पडला? आणि सेन्सर वापरून इन्स्टॉलेशन करायचं असेल तर सुरुवात कुठून करू?' पहिला भाग कलेचा इतिहास शिकलेलं कुणी माझ्यापेक्षा बरा सांगेल. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, २६ वर्षं कारखान्यात कंट्रोल लूप, म्हणजे मोजून-बघून यंत्रं ताळ्यावर ठेवणाऱ्या यंत्रणा, ट्यून करण्यात गेली. पण 'सेन्सर वापरून' हे वाचलं आणि राहवलं नाही.

सेन्सर लावला म्हणून काही इंटरॅक्टिव्ह होत नाही. टाळी वाजवली की दिवा लागतो, समोर उभं राहिलं की पडद्यावर फुलं उमलतात, ही दारावरची बेल झाली. किंवा नंदीबैल म्हणा, गुबुगुबु वाजलं की मान हलवणार. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली सायबरनेटिक्स हा शब्द रूढ केला तो ग्रीकमधल्या सुकाणू धरणाऱ्यावरून, म्हणजे आपला तांडेलच. तांडेल सुकाणू एकदा वळवून झोपी जात नाही. होडी किती वळली बघतो, वाऱ्याने किती ढकलली बघतो, परत वळवतो. आपण जे केलं त्याचा परिणाम बघून पुढचं ठरवायचं. आम्ही प्लांटमध्ये याला क्लोज्ड लूप म्हणतो.

कलेत हे नीट आणलं गॉर्डन पास्क या ब्रिटिश सायबरनेटिक्सवाल्याने. १९५३ साली त्याने म्युझिकलर नावाचं यंत्र केलं. वादकाने वाजवायचं आणि यंत्राने रंगीत दिवे खेळवायचे, इथपर्यंत लग्नातल्या डीजेसारखंच. पण वादक तेच तेच वाजवत बसला की यंत्र प्रतिसाद देणं कमी करायचं. कंटाळायचंच म्हणा ना. मग वादकाला झक मारत काहीतरी नवीन वाजवावं लागायचं. कोण कुणाला वाजवतंय, असा प्रश्न पडावा!

हे वाचलं आणि मला खूळ लागलं. त्याच सुमारास बायकोची भाची, शिल्पकला शिकलेली, म्हणाली, "काका, प्रदर्शनासाठी आवाजाला वळणारं काहीतरी करायचंय, मोटरचं तुम्ही बघाल का?" तिने अकरा बांबूच्या काठ्या घेतल्या, प्रत्येकीच्या टोकाला तांब्याच्या पत्र्याचा छोटा कर्णा. खाली मी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत वळून थांबणाऱ्या) बसवल्या, तीन बाजूंना तीन माइक. जिकडून आवाज येईल तिकडे कर्णे वळणार. दिसायला फार सुंदर होतं, हे मान्य.

पहिल्याच चाचणीला सगळं बोंबललं. खोलीत चिटपाखरू नव्हतं आणि काठ्या आपोआप वळत होत्या, थांबत होत्या, परत उलट्या वळत होत्या. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, सर्व्होची घरघर माइकमध्ये जात होती. स्वतःचाच आवाज ऐकून त्या स्वतःकडे वळत होत्या. लूप हंट करत होता, म्हणजे एका जागी न ठरता पुढे-मागे झुलत होता! इतकी वर्षं लोकांचे व्हॉल्व्ह हंटिंगमधून बाहेर काढले आणि माझ्याच कामात ही गत. भाची मात्र जमिनीवर मांडी घालून बघत बसली. म्हणाली, "काका, हे असंच ठेवू या ना." मी म्हटलं, वेड लागलंय का? माइक फोममध्ये गुंडाळले, मोटर चालू असताना ऐकणं बंद केलं, प्रश्न मिटवला.

मग मी माझी भर घातली. कोडमध्ये 'कंटाळा' नावाचा एक आकडा ठेवला. टाळीसारखा मोठा आवाज आला की तो एकने वाढणार, शांततेत दर दहा सेकंदांनी एकने उतरणार, आणि पाचवर पोहोचला की सगळ्या काठ्यांनी चाळीस सेकंद पाठ फिरवायची.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आले. टाळी वाजवली, अकरा कर्णे त्यांच्याकडे वळले, सगळ्यांनी वाहवा केली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, परत एकदा." परत टाळी. "सर, इकडे बघून." पाचव्या टाळीला अकराच्या अकरा काठ्यांनी पाहुण्यांकडे पाठ केली. संयोजक धावत आले, "बंद पडलं वाटतं!" मी म्हटलं, "बंद नाही पडलं, कंटाळलंय." कुणीही हसलं नाही. भाचीचा चेहरा अजून आठवतो.

त्या रात्री अकरा वाजता तिथेच खाली बसून मी 'कंटाळा' काढून टाकला. पुढचे तीन दिवस काठ्यांनी टाळीला माना हलवल्या, लोक खूश. पाटीवर माझं नाव 'तांत्रिक साहाय्य' म्हणून, तेही आडनाव चुकवून. भाचीचं म्हणणं होतं, "बघणारा अर्धा मिनिट थांबतो, त्याला कंटाळा दाखवून काय मिळणार?" माझं म्हणणं, बघणाऱ्याला ताटकळत ठेवायची हिंमत नसेल तर मग भिंतीवर चित्रच लावा, विजेचं बिल तरी वाचेल.

आणि हे काही माझं विक्षिप्तपण नाही. १९६८ साली लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत जासिया रायकार्ट या संयोजिकेने 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हे प्रदर्शन भरवलं, तिथे पास्कने पाच लटकती यंत्रं टांगली, दोन 'पुरुष', तीन 'स्त्रिया'. ती प्रकाशाने आणि आवाजाने एकमेकांशी संधान बांधायची. माणसांनी हवं तर टॉर्च आणि आरसे घेऊन मध्ये लुडबुड करावी, नसता त्यांचं त्यांचं चालूच! त्याच प्रदर्शनातल्या एडवर्ड इहनाटोविच या शिल्पकाराने पुढे १९७० साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनला, फिलिप्स कंपनीच्या इव्होल्युऑन या विज्ञान-प्रदर्शनाच्या इमारतीत, 'सेन्स्टर' उभा केला. पंधरा फुटांचा, हायड्रॉलिकवर चालणारा, संगणकाने हलणारा लोखंडी सांगाडा, सांधे खेकड्याच्या भाऊबंदासारखे, लॉब्स्टरच्या नांगीवरून घेतलेले. हळू बोललं की जवळ यायचा, आरडाओरडा केला की मागे सरायचा. म्हणजे आमच्या प्रमुख पाहुण्यांना त्यानेही दाद दिली नसती. १९७३ मध्ये तो काढला, सांगाडा पुढे कित्येक वर्षं उघड्यावर उभा होता, आणि २०१७ साली पोलंडमधल्या क्राकोच्या विद्यापीठाने विकत घेतला आणि पुढे परत चालता केला.

जनरेटिव्ह कलेचं थोडक्यात. १९६५ साली श्टुटगार्टला गेओर्ग नेस आणि फ्रीडर नाके यांनी प्लॉटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन फिरवणाऱ्या यंत्रावर, काढलेली चित्रं दाखवली, ती घराणं म्हणून सायबरनेटिक्सपेक्षा माहितीशास्त्राच्या जास्त जवळची. नियम द्या, थोडा यदृच्छेचा खेळ घाला, चित्र घ्या. लूप नाही. चित्रकार हॅरॉल्ड कोहेनचा चित्रं काढणारा 'एरॉन' प्रोग्रॅम मला त्याहून आपला वाटतो, कारण तो आतापर्यंत काय काढलंय ते बघून पुढची रेघ ठरवायचा. एक वाक्य टाइप करून चित्र मिळवण्याला मी ओपन लूपच म्हणेन, म्हणजे परिणाम न बघताच हुकूम सोडणं, ज्यांना राग येईल त्यांना येवो.

सुरुवात कुठून, तर बाजारातून सेन्सरचं किट आणू नका. कागदावर लिहा, माणसाने काय केलं, यंत्राने काय केलं, ते बघून माणूस काय करेल, त्यावर यंत्र काय करेल. असे तीन फेरे. तिसऱ्या फेऱ्यातही यंत्राचं उत्तर पहिल्यासारखंच असेल तर किटचे पैसे वाचवा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, खरा नंदीबैल मी म्हणतो तितका बिचारा नाही, तो मालकाच्या इशाऱ्यावर चालतो आणि मालक गर्दीचा रंग बघून इशारा देतो. तिघांचा तो चांगला लूप आहे. दुसरी, इहनाटोविचनेच म्हणून ठेवलंय की सेन्स्टरचा प्रोग्रॅम फार गुंतागुंतीचा नव्हता, त्या हॉलमधल्या आवाजाच्या घुमण्यामुळे आणि लोकांच्या लहरी वागण्यामुळे तो हुशार वाटायचा. हे वाचलं तेव्हा मला आमची पहिली चाचणी आठवली. रिकाम्या खोलीत स्वतःचीच घरघर ऐकून भिरभिरणाऱ्या अकरा काठ्या, ज्या मी फोम लावून गप्प केल्या. प्लांटमध्ये हंटिंग म्हणजे नामुष्की, म्हणून हात आपोआप तिकडे गेला. भाचीने त्या दिवशी मांडी घालून जे बघितलं ते मी मान वर करून बघितलंच नाही.

'कंटाळा' बरोबर होता, यावर मी अजून ठाम आहे. फोम चुकला. काठ्या आमच्या माळ्यावर आहेत, दोन सर्व्हो जळालेत, बाकी चालतात. ती दिवाळीला येईल तेव्हा खाली काढीन म्हणतो.