आयर्लंडमध्ये निवडणुकीनंतर एकाच पक्षाचं सरकार येऊ शकतं का? शेवटचं कधी आलं होतं?

येऊ शकतं, राज्यघटनेची आडकाठी काहीच नाही. शेवटचं कधी, याला मात्र दोन सालं सांगावी लागतील. स्वतःच्या बहुमतावर 1977 साली आणि बहुमत नसताना 1987 साली. दोन्ही वेळा पक्ष एकच होता, फियाना फॉल. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे राष्ट्रपती पंतप्रधानांना शपथ देतात आणि बहुमत सिद्ध करायची वेळ आली तर ती नंतर येते. तिथे नव्या सभागृहाला, म्हणजे डॉइलला, आधी मतदान करून पंतप्रधान निवडावा लागतो. मग राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात. त्यामुळे बहुमत नसलेल्या पक्षालाही पहिल्याच दिवशी कुणाचा तरी पाठिंबा, निदान कुणाची तरी तटस्थता, मिळवावी लागते.

दुसरी गोष्ट मतदानपद्धतीची. मतदारसंघ तीन ते पाच जागांचे असतात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. अशा पद्धतीत एका पक्षाला निम्म्याहून जास्त जागा मिळणं अवघड, पण अशक्य नाही. 1977 आधी सत्तेत फिन गेल आणि लेबर यांची युती होती. त्यांचे मंत्री जेम्स टली यांनी मतदारसंघांची फेरआखणी करताना डब्लिन जवळजवळ सगळं तीन-तीन जागांचं केलं. हिशेब असा, की तिन्ही पक्षांना एकेक जागा मिळाली की युतीच्या दोन होतात. पण घरपट्टी आणि मोटारकर रद्द करायचं आश्वासन देऊन जॅक लिंच यांच्या फियाना फॉलने 50 टक्क्यांहून थोडी जास्त मतं घेतली, आणि तिनातल्या दोन जागा त्याच पक्षाकडे जायला लागल्या. 148 पैकी 84 जागा! असं बहुमत नंतर कुणालाच मिळालेलं नाही.

मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 1987. फेब्रुवारीतल्या निवडणुकीत चार्ल्स हॉही यांच्या फियाना फॉलला 166 पैकी 81 जागा मिळाल्या. 10 मार्चला डॉइलमध्ये पंतप्रधान निवडायला मतदान झालं. बाजूने 82 (त्यांचे 81 आणि अपक्ष नील ब्लेनी), विरोधात 82. डब्लिनच्या गरीब वस्त्यांमधून निवडून आलेले अपक्ष टोनी ग्रेगरी तटस्थ राहिले. पाच वर्षांपूर्वी याच ग्रेगरींनी आपल्या भागासाठी घरं आणि नोकऱ्या यांचा लेखी करार करून घेऊन हॉहींना पंतप्रधान केलं होतं. या वेळी करार नव्हता आणि विरोधही नव्हता. बरोबरी झाली आणि सभापती शॉन ट्रेसी यांनी आपलं निर्णायक मत हॉहींना दिलं. देशाचं सरकार त्या एका मतावर उभं राहिलं.

उभं राहिलं खरं, पण टिकलं ते विरोधी पक्षनेत्यामुळे. बेकारी 17 टक्क्यांच्या घरात, तरुण मुलं बोटी पकडून देश सोडत होती, सरकारी कर्ज हाताबाहेर गेलेलं. आरोग्यखर्चातल्या कपातीविरुद्ध पोस्टरं लावून निवडून आलेल्या पक्षानेच सत्तेत येताच कपात सुरू केली. फिन गेलचे नवे नेते अ‍ॅलन ड्यूक्स यांना सरकार पाडणं सहज शक्य होतं. त्याऐवजी सप्टेंबरमध्ये डब्लिनजवळच्या टाला इथे त्यांनी जाहीर केलं, की आर्थिक दिशा बरोबर असेल तोवर आमचा पक्ष निव्वळ विरोधासाठी विरोध करणार नाही. या धोरणाच्या बदल्यात त्यांनी एकही मंत्रिपद मागितलं नाही. 1990 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार तिसरा आला आणि ड्यूक्स यांना नेतेपद सोडावं लागलं. ‘एकपक्षीय सरकारने देश सावरला’ असं कुणी लिहिलं की मला ड्यूक्स यांचं नाव तिथे हवं असं वाटतं. त्या काळातल्या कामाचं निम्मं श्रेय त्यांचं आहे.

हॉहींना मात्र हे परावलंबन सहन होईना. एप्रिल 1989 मध्ये, दूषित रक्तघटकांमुळे एचआयव्हीची लागण झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना मदत देण्याच्या प्रश्नावर सरकार सभागृहात हरलं. तो अविश्वास ठराव नव्हता, सरकार चालवता आलं असतं. आजारी माणसांसाठीच्या त्या छोट्या रकमेवर अडून बसायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉहींनी बहुमताच्या आशेने निवडणूक लावली आणि 81 चे 77 झाले. डॉइल जमलं तेव्हा इतिहासात पहिल्यांदाच कुणीच पंतप्रधान निवडून आला नाही. युती करायची नाही हे फियाना फॉलचं जुनं तत्त्व होतं. जुलैमध्ये ते सोडून हॉहींनी सहा जागांच्या प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सशी हातमिळवणी केली. त्या पक्षाचे नेते डेझ ओमॅली यांना काही वर्षांपूर्वी फियाना फॉलनेच बाहेर काढलं होतं. एकपक्षीय सरकारांची परंपरा तिथे तुटली.

मराठी वाचक हमखास विचारतात म्हणून सांगते. लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, 2017 मध्ये पंतप्रधान झाले ते सरकारही निव्वळ फिन गेलचं नव्हतं. अपक्ष मंत्री होते, आणि बाहेरून फियाना फॉल तटस्थ राहून ते चालू देत होता.

पुढे कधी एकाच पक्षाचं सरकार येईल का? नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत 174 जागा होत्या, बहुमताला 88 लागत होत्या. फियाना फॉल, फिन गेल, शिन फेन, तिघांपैकी एकानेही 88 उमेदवारच उभे केले नव्हते.