अंगणात झोका बसवायचाय, पण खाली फरशी?

प्रश्न : आमच्या घरामागे छोटंसं अंगण आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा, नुकताच चालायला लागलाय. दोघांसाठी झोका आणि घसरगुंडी बसवायचीय. नवरा म्हणतो सगळीकडे फरशी घालून टाकू, चिखलाची कटकट नको. कोपऱ्यात जमिनीतली पाण्याची टाकी आहे. सुरुवात कशापासून करू?

उत्तर : टाकीपासून. झोक्याचं नंतर बघू. खरं सांगते, तुमचा प्रश्न वाचताना माझं लक्ष त्या कोपऱ्यातच अडकलं. सव्वा वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, आत काय आहे म्हणून वाकला की तोल पुढे जातो आणि मग त्याला स्वतःहून सरळ होता येत नाही, त्यामुळे टाकी तर सोडाच, बादलीत किंवा टबात चार-पाच सेंटीमीटर पाणी असलं तरी एवढं लहान मूल त्यात बुडू शकतं. आणि बुडताना आरडाओरडा होत नाही हो. बाहेर शांत आहे म्हणजे खेळतोय, असं समजून आपण आत फोनवर बोलत राहतो. टाकीला मोठ्या माणसाचं वजन पेलेल असं पक्कं झाकण आणि त्याला कुलूप, हे या आठवड्यातच करून घ्या. बादल्या वापरून झाल्या की पालथ्या घालायच्या, आणि पाऊस पडून गेला की कुठे पाणी साचलंय का बघायला एक चक्कर मारायची. हे सगळं केलं तरी धाकट्याला बाहेर एकटं सोडायचं नाही.

आता फरशी. नको, अजिबात नको! खेळताना मुलांना लागतं ते जास्त करून पडल्यामुळेच, आणि मग खाली काय आहे यावर सगळं ठरतं. काँक्रीट, फरशी तर नाहीच, पण तुडवून तुडवून घट्ट झालेली माती किंवा नुसती हिरवळसुद्धा उंचावरून पडणाऱ्या मुलाला पुरेशी नाही. मोकळी वाळू किंवा लाकडाचा जाडसर भुसा घाला, कायम किमान 9 इंच राहील असा, म्हणजे सुरुवातीला 12 इंच भरावा लागेल कारण तो दबत जातो, आणि झोक्याखाली खड्डा पडतो तिथे अधूनमधून परत ओढून घ्यावा लागतो. घसरगुंडीच्या चारही बाजूंनी 6 फूट मोकळी जागा हवी. झोक्याला त्याहून जास्त, दांडीची जेवढी उंची त्याच्या दुप्पट पुढे आणि तेवढीच मागे. दांडी 6 फुटांवर असेल तर पुढे 12, मागे 12. टेप घेऊन मोजा एकदा. एवढी जागा निघत नसेल तर झोका बसवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा वाळूचा मोठा हौद करा, दोघं तासन्‌तास रमतील (रात्री फक्त झाकून ठेवा, मांजरं घाण करतात).

घसरगुंडी उन्हात असेल तर आधी स्वतःचा हात ठेवून बघायचा, पत्रा काय आणि प्लॅस्टिक काय, दोन्ही चटका देतात. खेळण्यांना वर दोऱ्या बांधू नका, गळ्यात ओढणी-स्कार्फ नको, आणि सायकलचं हेल्मेट खेळण्यांवर चढायच्या आधी काढायचं. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, पण अंग फटीतून खाली सरकतं, हेल्मेट वर अडकतं आणि पट्टा गळ्याला आवळतो. कठड्याच्या फटींचंही तसंच, साडेतीन ते 9 इंचांमधली फट सगळ्यात वाईट कारण अंग जातं, डोकं अडकतं.

बाकी थोडं खरचटू दे. मुलगी दगडावर चढतेय, उडी मारू की नको ठरवतेय, तर ठरवू दे, तो धोका तिला दिसतोय. झाकणाखालचं पाणी किंवा हेल्मेटचा पट्टा तिला दिसत नाही, ते बघणं आपलं काम.

प्रश्न : नातवंडं येतात तेव्हा बागेत पानं-बिया तोंडात घालतात. कोणती झाडं काढून टाकू?

उत्तर : काका, कण्हेर असेल तर आधी ती काढा, पिवळी असो वा लाल, सगळं झाडच विषारी आणि हृदयावर परिणाम करणारं. मग धोत्रा, एरंड, गुंजेचा वेल. गुंजा दिसायला सुंदर म्हणून मुलं हमखास उचलतात, चावली गेली तर फार वाईट. कापलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका, जाळूही नका. आणि कुणी काही खाल्लंच तर उलटी करवायला जाऊ नका, तोंडातलं काढून टाका आणि त्या झाडाची फांदी सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. कीटकनाशकाची बाटली कुठे ठेवता ते लिहिलं नाहीत, ती कुलपात असू द्या, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका.