कोनफळ, रताळे आणि गुजराती रताळू

एका वाचक भगिनींनी ‘पर्पल याम’चे वॉफल घरी करून पाहिले आणि त्याची कृती मराठीत लिहायला घेतली, तेव्हा या कंदाला ‘जांभळे रताळे’ म्हणावे, ‘जांभळा याम’ म्हणावे की फिलिपिनी भाषेतला ‘उबे’ हाच शब्द ठेवावा, असा प्रश्न त्यांना पडला. या कंदाला मराठीत आजही बाजारात आणि स्वयंपाकघरात चालणारे नाव आहे, ते म्हणजे कोनफळ. ज्या घरांत उपवासाला कोनफळाचा कीस किंवा काप होतात, तिथे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे कृतीचे नाव ‘कोनफळाचे वॉफल’ असेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘जांभळे रताळे’ हा पर्याय मात्र कटाक्षाने टाळावा, कारण रताळे ही अगदी निराळी वनस्पती आहे. रताळ्याचा वेल गारवेलीच्या कुळातला आणि त्याचे मूळ अमेरिका खंडातले. कोनफळ हे डायोस्कोरिया या प्रजातीतले, म्हणजे आपल्या कोकणातल्या करांद्याचे जवळचे नातलग. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘अलाटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पंख असलेली’ असा आहे, कारण त्याच्या वेलाच्या चौधारी खोडाला पंखांसारख्या पातळ कडा असतात. शिवाय आतून जांभळी असणारी रताळी खरोखरच असतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने ‘भू कृष्णा’ नावाचा तसा वाण काढलेला आहे, आणि जपानमधल्या ओकिनावा बेटांवरची जांभळी रताळी तर प्रसिद्धच आहेत. तेव्हा ‘जांभळे रताळे’ वाचून कोणी ती आणली, तर चूक वाचकाची म्हणता येणार नाही.

या गोंधळाचे मूळ माझ्या मते शेजारच्या गुजरातीत सापडते आणि शब्दाचा खरा रस तिथेच आहे. गुजरातीत कोनफळाला ‘रताळू’ किंवा नुसते ‘कंद’ म्हणतात, तर आपल्या रताळ्याला ‘शक्करियां’ म्हणतात. सुरती उंधियो या मिश्र भाजीत हे दोन्ही कंद एकाच भांड्यात शिजतात, त्यामुळे तिथे दोन नावांवाचून चालतच नाही. मराठीत उतरवलेल्या उंधियोच्या कृतींमध्ये मात्र ‘रताळू’चे रताळे आणि ‘शक्करियां’चेही रताळेच झालेले मी अनेकदा वाचले आहे, म्हणजे रताळे दोनदा पडते आणि ज्याच्यावाचून उंधियोला रंग नाही ते कोनफळ पार हरवते.

मराठीतला ‘रताळे’ आणि गुजरातीतला ‘रताळू’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘रक्तालु’ या एकाच शब्दापासून आले आहेत. त्यातला ‘आलु’ म्हणजे खाण्याजोगा कंद; हाच ‘आलु’ मराठीत अळू झाला आणि हिंदीत आलू. संस्कृत कोशांत ‘रक्तालु’ हे जांभळट-तांबड्या डायोस्कोरियाचे, म्हणजे कोनफळाच्या जातीच्या कंदाचे नाव म्हणून येते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण रताळे तेव्हा भारतात पोहोचलेलेच नव्हते. पोर्तुगीजांच्या काळात ते समुद्रमार्गे आले, तेव्हा तांबड्या सालीच्या या नव्या कंदाला मराठीने ते जुने नाव दिले असावे, तर गुजरातीने आणि हिंदीने जुने नाव जुन्या कंदापाशीच ठेवून नव्यासाठी साखरेवरून वेगळे शब्द घडवले. हिंदीतला ‘रतालू’ आजही कोनफळाच्याच जातीचा असतो आणि रताळे तिथे ‘शकरकंद’ असते. मराठीपुरती या नावाची जागा बदलली, आणि अशी अदलाबदल एकदाच झालेली नाही: आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेला ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो भाषेत रताळ्याचाच होता. रताळ्याच्या ‘आयपोमिया बटाटास’ या शास्त्रीय नावात तो अजून शाबूत आहे.

‘याम’बद्दल थोडक्यात सांगतो. इंग्रजीतला हा शब्द पोर्तुगीजांमार्फत पश्चिम आफ्रिकेतून आला, पण अमेरिकेत केशरी गराच्या रताळ्यालाही सर्रास ‘याम’ म्हणतात. त्यामुळे तिकडच्या कृतीतला याम नेमका कोणता, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. मराठीत तर ‘याम’ म्हणजे प्रहर, ज्यावरून रात्रीला ‘यामिनी’ म्हणतात. ‘जांभळा याम’ हे शब्द एखाद्या कवितेत संध्याकाळसाठी शोभतील, कृतीत नव्हे. ‘उबे’ हा तागालोग शब्द निदान निःसंदिग्ध आहे. त्याचा उच्चार ‘यूब’ असा न करता ‘ऊ-बे’ असा करावा, आणि ‘उबे हालाया’सारख्या फिलिपिनी गोड पदार्थाबद्दल लिहिताना तो अवश्य ठेवावा.

नाव नेमके असण्याची गरज वॉफलच्या साच्यापाशी कळते. रताळ्यात साखर अधिक असल्याने त्याचे वॉफल लवकर करपते. कोनफळ पिठूळ आणि चिकट असते. कच्च्या कोनफळाने हात खाजतात, म्हणून सालीसकट वाफवून मग सोलावे आणि गरम असतानाच चाळणीतून घासून घ्यावे, नाहीतर गुठळ्या राहतात. मी १ वाटी गराला दीड वाटी मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, २ अंडी, सव्वा वाटी दूध, पाव वाटी साखर आणि तेवढेच पातळ केलेले लोणी घेतो. खायचा सोडा घालू नये, कारण कोनफळाचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि सोड्याने तो निळसर-हिरवट होतो. उलट चमचाभर लिंबाचा रस घातल्यास तो गुलाबीकडे झुकतो. कोनफळ विकत घेताना टोकाशी नखाने खरवडून आतला रंग पाहावा, कारण काही कोनफळे आतून जवळजवळ पांढरी निघतात.

व्याकरणाचा एक मुद्दा राहिला. ‘वॉफल’ हा शब्द मी बिस्किटाप्रमाणे नपुंसकलिंगी चालवतो: एक वॉफल, अनेक वॉफले. कृतीच्या पहिल्या ओळीत एकदाच ‘फिलिपिन्समध्ये ज्याला उबे म्हणतात ते कोनफळ’ असे लिहावे आणि पुढे शेवटपर्यंत नुसते कोनफळ म्हणावे.